तुमची टीम कोणती? परदेशातला संसार आणि खेळाचं वेड

रुईफूल (मेलबर्न)

मेलबर्नच्या पश्चिमेला, टार्नीट, ट्रुगनिना, पॉइंट कुक या पट्ट्यात हल्ली सतत कोणी ना कोणी मराठी जोडपं नव्याने राहायला येत असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचे प्रश्न ठरलेले: भाजणी कुठे मिळते, पाळणाघर कुठलं चांगलं, लायसन्सची टेस्ट कुठून द्यावी. भराभर उत्तरं येतात. त्यात मी आपणहून एक सल्ला घालते, की वेस्टर्न बुलडॉग्ज या आपल्या भागातल्या टीमच्या मॅच बघायला लागा, आणि दोघांनी मिळून बघा.

काहींना वाटतं ही सहज बोलून गेली. मला ते मनापासून म्हणायचं असतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्या देशात नवरा-बायकोच्या बोलण्याचं काय होतं हे इथल्या अनेकांना माहीत असेल. पहिली काही वर्षं सगळं बोलणं व्हिसा, घरभाडं, गाडीचा विमा आणि डिसेंबरची तिकिटं यांच्याभोवती फिरतं. आमचंही तेच होतं. भांडण नव्हतं, पण बोलायला दुसरं काही उरलं नव्हतं. पुण्यात असताना भाऊ, मैत्रिणी, कोपऱ्यावरचा वाणी, सोसायटीतल्या कुरबुरी असं बाहेरचं काही ना काही रोज घरात यायचं. इथे तसं काही आत येतच नव्हतं. ते फूटीमुळे यायला लागलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. चेंडू लंबगोल, मैदानही लंबगोल, एका बाजूला अठरा खेळाडू, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. पायाने मारलेला चेंडू मधल्या दोन खांबांतून गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला की एक. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण फेकता येत नाही, मुठीने ठोसून किंवा लाथेने पुढे द्यायचा. आणि मैदान क्रिकेटचंच. १८५८ साली टॉम विल्स या क्रिकेटपटूने पेपरात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात क्रिकेटवाले आळसावू नयेत म्हणून एखादा फुटबॉल क्लब काढावा. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये नियम लिहिले गेले. क्रिकेटवेड्या नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा पूर्ण मॅच बघायला बसला.

तेव्हा आम्ही फुट्सक्रेमध्ये भाड्याने राहत होतो. बुलडॉग्ज मूळचे तिथलेच. १९९६ पर्यंत क्लबचं नावच फुट्सक्रे होतं. शेजारी एक माल्टीज आजोबा राहायचे, तरुणपणी माल्टाहून बोटीने आलेले. क्लबने एकच प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली होती, १९५४ साली, ती यांच्या येण्याआधीची. १९६१ ची फायनल त्यांनी एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, उभं राहून बघितली आणि ती टीम हरली. पुढे १९८९ मध्ये क्लब कर्जात बुडाला आणि फिट्झरॉय क्लबमध्ये विलीन करायचं ठरलं. तेव्हा पश्चिमेकडच्या लोकांनी रस्त्यारस्त्यावर डबे खुळखुळवून पैसे गोळा केले आणि क्लब वाचवला. आजोबांची बायको त्या डबेवाल्यांत होती. ही सगळी गोष्ट मला कुंपणापाशी, टोमॅटोच्या वाफ्याला पाणी घालता घालता, तुकड्यातुकड्याने कळली.

आजी गेल्या होत्या, पण त्यांनी विणलेला लाल-पांढरा-निळा स्कार्फ आजोबा दर मॅचला घालायचे. २०१६ च्या सप्टेंबरात त्याच्या एका टोकाची वीण उसवत चालली होती. माझ्या आजीने मला दोन सुयांवरचं विणकाम शिकवलेलं. मी स्कार्फ मागून घेतला, सुटलेले टाके सुईवर उचलले आणि निळ्या लोकरीने टोक बंद केलं. निळा रंग जरा गडद निघाला. आजोबांनी तो उजेडात धरून बराच वेळ बघितला आणि मग म्हणाले, शनिवारी दोघं आमच्याकडेच या.

त्या वर्षीचे बुलडॉग्ज ज्यांनी बघितले त्यांना वेगळं सांगायला नको. लीगमध्ये सातवे. तिथून बाद फेरीत पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, मग लागोपाठ तीन वर्षं जिंकलेल्या हॉथॉर्नला, मग सिडनीत जीडब्ल्यूएसला अवघ्या सहा गुणांनी. १ ऑक्टोबरला फायनल, समोर सिडनी स्वान्स. शेवटच्या क्वार्टरमध्ये डेल मॉरिसने बडी फ्रँकलिनला मागून धरलं, चेंडू निसटला, टॉम बॉइडने तो उचलून लांबून लाथ मारली आणि चेंडू टप्पे खात मोकळ्या गोलात शिरला. आजोबा खुर्चीतून उठले ते बसलेच नाहीत. ८९-६७. बासष्ट वर्षांनी.

मग मेडल द्यायची वेळ आली. कर्णधार बॉब मर्फीचा गुडघा हंगामाच्या सुरुवातीलाच गेला होता, त्यामुळे तो कडेला उभा होता. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी त्याला व्यासपीठावर बोलावलं आणि आपल्या गळ्यातलं प्रशिक्षकाचं मेडल काढून त्याच्या गळ्यात घातलं. मी खेळात इतका मोठा माणूसपणा फार थोड्या वेळा बघितला आहे.

घरी आल्या आल्या नवऱ्याने साताऱ्याला फोन लावला. सासरे नुकते जेवायला बसले होते. त्यांनी जन्मात न बघितलेल्या खेळाची अख्खी मॅच ह्याने त्यांना सांगितली, मर्फीच्या मेडलसकट. एरवी बाप-लेकांचा फोन 'बरं आहे ना, जेवलास ना' यापलीकडे जात नसे.

तर माझं म्हणणं असं, की परदेशात राहायचं तर जिथे राहतो तिथली टीम धरावी, जिंकणारी शोधू नये. आणि नवरा-बायकोने मिळून धरावी. तुम्ही काय केलंत? दोघांची टीम एकच आहे का? भारताच्या क्रिकेटचं काय होतं मग?

कोकणवेल (न्यू जर्सी)

स्कार्फचं वाचून थांबले. सविस्तर प्रतिसाद देते रात्री, मुलं झोपल्यावर.

पेठकरी (डॉर्टमुंड)

फारच जवळचा विषय काढलात. मी कोल्हापूरचा. आमच्याकडे टीम निवडायची नसते, ती पेठेबरोबर जन्माने येते. मंगळवार पेठेत वाढलो म्हणजे पाटाकडील तालीम, विषय संपला. शिवाजी तरुण मंडळाबरोबर मॅच असली की शाहू स्टेडियमला दुपारपासून गर्दी, आणि हरलो तर दोन दिवस शिवाजी पेठेतल्या मित्राच्या घरावरून जायचं नाही. क्रिकेटच्या राज्यात फुटबॉलसाठी जीव टाकणारं गाव आहे ते.

डॉर्टमुंडला नोकरी लागली तेव्हा लोकांनी सांगितलं, जुनं कोळसा-पोलादाचं शहर आहे, बघण्यासारखं काही नाही. मी पहिल्या शनिवारी स्टेशनवर उतरलो तर आजीबाईंपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे पिवळ्या-काळ्या कपड्यांत. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. शेजारचं गेल्सेनकिर्शन म्हणजे शाल्के, आमचा हाडवैरी क्लब, तिथे ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं, पण अंतर दोन पेठांइतकंच आहे.

बायको नाशिकची, तिला फुटबॉलचं काहीही नव्हतं. ती इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास होऊनही वॉर्डात म्हाताऱ्या पेशंटांची बोली तिला कळायची नाही, आणि ती गप्प गप्प राहायची. एकदा एका पेशंटने विचारलं, शनिवारी बोरुसियाचं (डॉर्टमुंडच्या टीमचं) काय झालं? तिला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती सोमवारी सकाळी ट्राममध्ये मॅचचा निकाल, गोल कोणी मारले, पेनल्टी बरोबर होती का, एवढं वाचून जायला लागली. पेशंट आपणहून बोलायला लागले. तिचं जर्मन जे सुटलं ते तिथे सुटलं.

२७ मे २०२३ आम्ही दोघं विसरणार नाही. शेवटचा दिवस, घरच्या मैदानावर माइन्झला हरवलं की अकरा वर्षांनी बुंडेसलिगा, म्हणजे जर्मन लीग, आपली. सुरुवातीलाच एक गोल खाल्ला, मग हालेरची पेनल्टी अडवली गेली, मग दुसरा गोल. शेवटी २-२. तिकडे कोलोनला ८९ व्या मिनिटाला बायर्न म्युनिकच्या मुसियालाने गोल मारला आणि गुण सारखे असूनही गोलफरकावर बायर्न चॅम्पियन. आमच्या मैदानाच्या दक्षिण बाजूला उभं राहून बघणाऱ्यांची जी भिंत आहे, जवळजवळ पंचवीस हजार माणसं, त्यातलं कोणी हललं नाही. प्रशिक्षक टेरझिच रडत समोर आले आणि ती भिंत त्यांच्यासाठी गात राहिली. बायकोची दुसऱ्या दिवशी सकाळपाळी होती. ती सांगत होती, वॉर्डात रेडिओ कोणी लावू दिला नाही आणि एका आजींनी तिचा हात धरून तिलाच धीर दिला. ती 'आपली' माणूस आहे हे आजींनी गृहीत धरलं होतं.

नदीकाठ (सिंगापूर)

धागा छान आहे, पण माझं मत वेगळं आहे आणि ते मांडते.

आम्ही दर तीन-चार वर्षांनी देश बदलतो, नवऱ्याचं कामच तसं आहे. प्रत्येक ठिकाणी नवी टीम धरायची आणि सोडून जायची, याला मी निष्ठा म्हणणार नाही. शिवाय वेळ आणि पैसा. दोघं नोकरी करणारे, घरात लहान मूल, मदतीला कोणी नाही. शनिवारची दुपार मॅचमध्ये घालवली तर आठवड्याचा स्वयंपाक, इस्त्री, मुलाची पोहण्याची शिकवणी कोण करणार? आणि अनेक घरांत 'आम्ही दोघं बघतो' याचा अर्थ तो बघतो आणि ती अधूनमधून चहा देत बघते असा असतो. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिलं.

आमच्यात क्रिकेट आहे. भारत खेळत असला की आम्ही कुठल्याही देशात असलो तरी सोफ्यावर एकत्र. आम्हाला तेवढं पुरतं.

रुईफूल (मेलबर्न)

नदीकाठ, तुमचा मुद्दा मला पूर्ण पटतो, विशेषतः चहाचा. आमच्याकडे आधी मी बघायला लागले आणि नवरा मागून आला, त्यामुळे तो प्रश्न उलटा होता. पण मॅचच्या दिवशीचा स्वयंपाक हा खरा प्रश्न आहे. आम्ही आदल्या रात्री मिळून पराठे करतो आणि मैदानात डबा नेतो. एमसीजीवर आपला डबा नेता येतो हे नव्या लोकांना माहीत नसतं आणि ते रांगेत उभे राहून महागडे चिप्स घेतात.

भारताच्या क्रिकेटबद्दल एक सांगते. ते सुटत नाही, सुटूही नये. पण भारताची मॅच बघताना माझं मन भारतात असतं आणि शेजारी बसलेलेही बहुतेक आपलेच असतात. बुलडॉग्जच्या मॅचला एका बाजूला व्हिएतनामी कुटुंब, दुसऱ्या बाजूला गोदीत काम केलेले निवृत्त गृहस्थ. त्यांच्याशी माझं दुसरं काहीच सामाईक नाही. दोन-अडीच तास आम्ही एकाच गोष्टीसाठी ओरडतो आणि पुढच्या वेळी ते माझ्या मुलीची परीक्षा कशी झाली विचारतात. तुम्ही तीन वर्षांत गाव सोडणार असलात तरी ती तीन वर्षं तिथलीच असतात ना?

हिमगौरी (टोरांटो)

रुईफूल, शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन. आम्ही इथे थंडीत आलो आणि पहिला हिवाळा फार जड गेला. दुसऱ्याच वर्षी २०१९ आलं. आमची बास्केटबॉल टीम रॅप्टर्स फिलाडेल्फियाविरुद्ध सातव्या सामन्यात, शेवटचा सेकंद, क्वाय लेनर्डने कोपऱ्यातून चेंडू टाकला आणि तो रिंगवर चार वेळा उडून आत पडला. आमची वरच्या मजल्यावरची फिलिपिनो मावशी, जिच्याशी लिफ्टमध्ये हसण्यापलीकडे ओळख नव्हती, ती पायजम्यात खाली आली आणि दार वाजवून मला मिठी मारून गेली. जूनमध्ये गोल्डन स्टेटला हरवून ट्रॉफी आली तेव्हा आम्ही चौघं एकाच सोफ्यावर होतो, ती, तिचा नवरा, आम्ही दोघं.

इथे नव भाटियांचा उल्लेख करायलाच हवा. पगडीधारी शीख गृहस्थ, गाड्यांचा व्यवसाय. १९९५ मध्ये टीम सुरू झाल्यापासून घरच्या मैदानावरच्या सामन्यांना हजर. २०१९ ला क्लबने त्यांना खेळाडूंसारखी चॅम्पियनशिपची अंगठी दिली. टीव्हीवर ते दिसले की माझा नवरा म्हणतो, या माणसाने आपल्या सगळ्यांसाठी जागा धरून ठेवली होती.

२०२५ ला आमची बेसबॉल टीम ब्लू जेज वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात अकराव्या डावापर्यंत जाऊन डॉजर्सकडून ५-४ हरले. बेसबॉल मला अजून अर्धाच कळतो, रडू मात्र पूर्ण आलं.

तळ्यातमळ्यात (लेस्टर)

या चर्चेत एक बाजू राहते आहे. आमच्याकडे इंग्लंडमध्ये हा प्रश्न कायम निरागस नव्हता. १९९० मध्ये नॉर्मन टेबिट या खासदाराने म्हटलं होतं, की बाहेरून आलेले लोक क्रिकेटमध्ये कोणाला टाळ्या वाजवतात ते बघा, त्यावरून ते इथले झाले की नाही कळेल. माझे सासू-सासरे तेव्हा इथेच होते. सासरे आजही म्हणतात, कर भरला, बसगाड्या चालवल्या, त्याचे गुण कोणी धरले नाहीत, गावसकरचे धरले. म्हणून 'तिथली टीम धरा' हा सल्ला कोणी वरून द्यायला लागला की माझ्या अंगावर काटा येतो. तो आतून आला तर गोष्ट वेगळी.

आमचा आतून आला. लेस्टर सिटी २०१६ मध्ये प्रीमियर लीग जिंकलं तेव्हा सट्टेबाजांनी हंगामाच्या सुरुवातीला पाच हजारास एक असा भाव दिलेला होता. २ मे रोजी मागून येणारे स्पर्स चेल्सीशी बरोबरीत सुटले, ट्रॉफी आमची झाली आणि आमच्या गल्लीत लोक भांडी घेऊन बाहेर आले. त्यानंतर २०२३ ला खाली घसरलो, २०२४ ला वर आलो, २०२५ ला परत घसरलो. सीझन तिकीट आम्ही सोडलं नाही.

दुसरी बाजूही सांगते. २८ ऑगस्ट २०२२ ची आशिया चषकातली भारत-पाकिस्तान मॅच दुबईत झाली आणि तणाव आमच्या रस्त्यांवर उतरला, पुढे काही आठवडे चालला. आम्ही दोघांनी तेव्हापासून ती मॅच बाहेर कुठे बघितलेली नाही. पण फुटबॉलच्या स्टँडमध्ये आमच्या पुढच्या रांगेत बसणारं लाहोरचं जोडपं त्या सप्टेंबरातही आमच्यासोबतच होतं. आम्ही एकमेकांच्या घरचं खातो. त्या महिन्यात त्या मैदानावर बसणं मला औषधासारखं होतं.

रुईफूल (मेलबर्न)

तळ्यातमळ्यात, हे लिहिलंत म्हणून खरंच आभार. परीक्षा म्हणून टीम धरायला कोणी सांगू नये, अगदी बरोबर. तुमच्या सासऱ्यांना नमस्कार सांगा.

चौकार_सरळ (मेलबर्न)

मीही मेलबर्नचा, पण पूर्वेकडचा. आमच्या घरात फूटीमध्ये मी कॉलिंगवूडचा आणि बायको एसेंडनची, त्यामुळे २५ एप्रिलला ॲन्झॅक डेच्या, म्हणजे युद्धातल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, मॅचला आम्ही एकत्र जातो आणि वेगवेगळ्या रंगांत बसतो. सुरुवातीला बिगुल वाजतो तेव्हा नव्वद हजार माणसं एकदम स्तब्ध होतात. तो क्षण प्रत्येकाने एकदा अनुभवावा.

आता क्रिकेट. एमसीजी हे मैदान आपल्याला किती पावलं आहे ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. २०२० ला ॲडिलेडला ३६ वर डाव आटोपलेला, कोहली बाळंतपणासाठी परत गेलेला, आणि बॉक्सिंग डेला रहाणे कर्णधार. कोविडमुळे रोज तीस हजारच प्रेक्षक सोडत होते. लांबलचक लॉकडाऊनमधून आम्ही नुकते बाहेर आलो होतो, माणसांत बसणंच नवं वाटत होतं. रहाणेने ११२ काढल्या आणि भारताने आठ गडी राखून सामना जिंकला. सामनावीराला त्या वर्षीपासून मुल्लाघ पदक द्यायला सुरुवात झाली. १८६८ मध्ये इंग्लंडला गेलेल्या आदिवासी क्रिकेट संघातला जॉनी मुल्लाघ, त्याच्या नावाचं. ते पहिलं पदक संगमनेर तालुक्यातल्या मुलाच्या गळ्यात पडलं. माझं आजोळ संगमनेरचं. मी स्टँडमध्ये उभा होतो.

आणि २३ ऑक्टोबर २०२२. भारत-पाकिस्तान, ९०,२९३ माणसं. हारिस रौफला कोहलीने मागच्या पायावरून सरळ डोक्यावरून मारलेला तो षटकार आमच्या बाजूने पाहताना चेंडू आधी नुसता वर जातोय असं वाटलं. शेवटच्या चेंडूवर अश्विनने काम केलं. दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. मध्यरात्रीनंतर घरी पोचलो, बायको म्हणाली आता झोपून काय करायचं, आणि तिने उटणं भिजवलं.

सांगलीची_लेक (सिडनी)

सगळे पुरुषांच्या मॅचबद्दल लिहितायत, म्हणून मी बायकांच्या खेळाबद्दल लिहिते.

स्मृती मानधना आमच्या सांगलीत वाढली. ८ मार्च २०२० ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपच्या फायनलसाठी आम्ही दोघं सिडनीहून मेलबर्नला गेलो. ८६,१७४ प्रेक्षक, बायकांच्या क्रिकेटला एवढे! हीली आणि मूनीने धुऊन काढलं आणि आपण ९९ वर आटोपलो. परतीच्या वाटेवर मी काही बोलले नाही, आणि नवऱ्यानेही समजूत घालायचा प्रयत्न केला नाही, ते फार बरं वाटलं.

म्हणून २०२५ चा बायकांचा वन-डे वर्ल्ड कप माझ्यासाठी काय होता ते सांगते. इथे भारतापेक्षा साडेपाच तास पुढे. सेमीफायनलला समोर ऑस्ट्रेलियाच, ३३९ चं लक्ष्य. जेमिमाने नाबाद १२७ काढल्या आणि मॅच संपली तेव्हा बाहेर पक्षी ओरडायला लागले होते. तशीच ऑफिसला गेले. माझ्या टीममधल्या ऑस्ट्रेलियन मुलीने कॉफी आणून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, तुम्ही आम्हाला नीट हरवलंत. फायनल २ नोव्हेंबरला, पावसाने दोन तास उशिरा सुरू झाली. दीप्तीचे पाच बळी, हरमनप्रीतने मागे पळत घेतलेला शेवटचा कॅच, तेव्हा इथे सोमवार उजाडला होता. आईला फोन केला तर ती सांगलीत फटाक्यांच्या आवाजात काहीच ऐकू शकत नव्हती.

आणि रुईफूल, तुमच्या बुलडॉग्जच्या मुलींनी २०१८ मध्येच कप जिंकला होता, लीग सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी. त्याचं नाव तुम्ही घेतलं नाहीत!

रुईफूल (मेलबर्न)

घ्यायलाच हवं होतं ना! ब्रिस्बेनला सहा गुणांनी हरवून जिंकल्या त्या. त्यांच्या मॅच फुट्सक्रेलाच, व्हिटन ओव्हलवर होतात. छोटं मैदान, कुंपणाला टेकून उभं राहता येतं, खेळाडूंच्या धापा ऐकू येतात. माझी मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिला फूटी म्हणजे बायकांचा खेळ, जो पुरुषही खेळतात, असं वाटतं. मी ते बदलायला गेलेले नाही.

कोकणवेल (न्यू जर्सी)

रात्र झाली, मुलं झोपली. आमच्याकडे टीम नाही, पण मुलीच्या शाळेच्या सॉकर टीमच्या प्रत्येक मॅचला नवरा आणि मी घडीच्या खुर्च्या घेऊन जातो. तिथल्या कडेच्या गवतावर ज्या ओळखी झाल्या त्यांच्याच भरवशावर माझ्या ऑपरेशनच्या वेळी घर चाललं. जेवणाची पाळी लावून तीन आठवडे डबे येत होते. तेही मोजा या धाग्यात.

नवी_घडी (पुणे, लवकरच टार्नीट)

आम्ही दोघं मे महिन्यात येतोय. अख्खा धागा वाचून काढला. जूनमध्ये आई-बाबा दोन महिन्यांसाठी येणार आहेत. बाबांनी कॉलेजात कबड्डी खेळलेली आहे, त्यांना मॅच आवडेल असं वाटतं. पण जूनची थंडी आणि आईचे गुडघे! कुठल्या मॅचला न्यावं?

रुईफूल (मेलबर्न)

स्वागत! नक्की न्या. बुलडॉग्जच्या घरच्या बऱ्याच मॅच डॉकलँड्सच्या मार्व्हल स्टेडियमवर होतात. त्याला छप्पर आहे आणि ते बंद करतात, त्यामुळे पाऊस-वारा लागत नाही. काही मॅच बॅलाराटला असतात, तिथे हिवाळ्यात आईंना नेऊ नका, ते मैदान उघडं आहे आणि वारा हाडं गोठवतो.

टार्नीटहून ट्रेनने सदर्न क्रॉसला उतरा. शनिवार-रविवारी ती ट्रेन भरून जाते, तेव्हा मॅचच्या तासभर आधीची पकडा म्हणजे आईंना बसायला मिळेल. स्टेशनातूनच पादचारी पूल थेट स्टेडियमकडे जातो, लिफ्ट आहे, जिने चढावे लागणार नाहीत. तिकीट खालच्या मजल्यावर, गोलच्या मागच्या बाजूला काढा, बाबांना अंपायर दोन्ही हातांनी बोटं दाखवून गोल देतो आणि झेंडे फडकवतो ते जवळून दिसेल. थर्मासमध्ये चहा न्या, काचेचं काही नेऊ नका. दुपारची मॅच घ्या, रात्रीची नको.

बाबांना एवढंच सांगून ठेवा: पंधरा मीटरच्या वर लाथेने आलेला चेंडू हवेत झेलला की त्या खेळाडूला कोणी अडवायचं नाही, आणि चेंडू घेऊन पकडला गेलेला खेळाडू तो वेळेवर सोडत नसला की अख्खं स्टेडियम 'बॉल!' म्हणून ओरडतं. दहा मिनिटांत तेही ओरडायला लागतील. तारीख ठरली की इथे लिहा. आमच्या शेजारच्या जागा बऱ्याचदा मोकळ्या असतात, चार तिकिटं एकत्र काढून ठेवते.